रिटर्न टू होम दाबलं, सिग्नलही गेला, पण ड्रोन घरी आला नाही: काय तपासावं आणि कोणत्या क्रमाने

रिटर्न टू होम (ड्रोनने आपोआप परत येण्याची सोय) बिघडलं की आधी जीपीएस मॉड्यूल बदलायचं, ही सवय बडोद्यातल्या हौशी ड्रोनवाल्यांमध्येही पक्की आहे. मॉड्यूल क्वचितच दोषी निघतं. सिग्नल तुटल्यापासून ड्रोन जमिनीला टेकेपर्यंत बऱ्याच गोष्टी एकामागोमाग घडाव्या लागतात. रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या रिसीव्हरने तो गेल्याचं कबूल करायचं आणि फ्लाइट कंट्रोलरने, म्हणजे ड्रोनच्या मेंदूने, ते ऐकायचं. घर कुठे आहे आणि आपलं तोंड कुठे आहे, हे त्याला ठाऊक असायला हवं. मग वाटेतल्या झाडांच्या वर चढायचं, आणि तोवर बॅटरी टिकायला हवी. यातलं काहीही चुकलं तरी मालकाची तक्रार एकच: ‘परत आला नाही’. म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी लक्षण नीट आठवा.

लक्षणं आणि पहिला संशय

सिग्नल गेला त्या क्षणी मोटारी बंद होऊन ड्रोन खाली: फेलसेफची (सिग्नल गेल्यावर काय करायचं, या सेटिंगची) दुसरी पायरी ‘ड्रॉप’वर आहे, किंवा आर्म (मोटारी सज्ज करण्याचा) चॅनल चुकीच्या किमतीवर जातो आहे.

सिग्नल गेला तरी त्याच दिशेने, त्याच वेगाने पुढे जात राहिला: रिसीव्हर ‘होल्ड’वर आहे, म्हणजे शेवटची आज्ञा धरून बसला आहे.

परत आला, पण तीस-चाळीस मीटर बाजूला किंवा शेजारच्या इमारतीवर: होम पॉइंट (परत यायची जागा) उशिरा किंवा चुकीच्या जागी नोंदला गेला.

वर चढला आणि गोल फिरत वर्तुळ मोठं करत गेला, किंवा उलट्याच दिशेला निघाला: कंपास.

दिशा बरोबर, पण झाडात किंवा पाण्याच्या टाकीत घुसला: परतीची उंची.

येता येता मध्येच उतरला: बॅटरी, वारा किंवा दोन्ही.

स्विच टाकूनही मोड लागलाच नाही: उपग्रह कमी, किंवा होम पॉइंटच नाही.

सिग्नल परत आला तरी स्टिकना दाद देत नाही: हा बहुतेक वेळा बिघाड नसतोच. बीटाफ्लाइट आणि आयनॅव्ह या, स्वतः बांधलेल्या ड्रोनच्या फ्लाइट कंट्रोलरवर चालणाऱ्या, दोन्ही फर्मवेअरमध्ये फेलसेफमधून बाहेर यायला स्टिक मध्यापासून ठळकपणे हलवावी लागते. हळूच बोट लावून चालत नाही. विकत मिळणाऱ्या तयार ड्रोनवर परतीचं किंवा पॉजचं बटण दाबून ताबा घ्यायचा असतो. हे आधी माहीत नसलं की माणूस घाबरून रिमोट बंद-चालू करतो आणि खरा अपघात तिथे होतो.

आता तपासण्या. फुकटातल्या आधी.

१. होमचा बाण आणि अंतर

बंद न पडलेल्या ड्रोनवर ही तपासणी अर्ध्या मिनिटात होते. मोकळ्या जागी आर्म करा, दोन-तीन मीटर वर घ्या आणि गॉगल किंवा मोबाइलच्या पडद्यावर होमचं अंतर पाहा. ते शून्याच्या आसपास हवं. मग वीस-तीस मीटर सरळ पुढे नेऊन ड्रोन जागेवर वळवा. होमचा बाण सतत तुमच्याकडेच दाखवायला हवा. अंतर चुकलं तर घर चुकीचं आहे. अंतर बरोबर पण बाण भरकटत असेल तर कंपास किंवा तो बसवण्याची दिशा चुकीची आहे. पुढच्या निम्म्या तपासण्या या एका खुणेवरून गाळता येतात.

२. घर नेमकं कधी नोंदलं गेलं

तयार ड्रोन पुरेसा जीपीएस सिग्नल मिळाल्यावर घर नोंदतो आणि तसं बोलून किंवा पडद्यावर लिहून सांगतो. ते सांगण्याआधीच उडवला, तर घर हवेत असताना, तुम्ही नेलं असेल तिथे नोंदलं जातं. गोत्रीच्या एखाद्या सोसायटीच्या गच्चीवर टाकी, जिना आणि पॅराफिटच्या मध्ये ड्रोन ठेवला की निम्मं आकाश झाकलेलं असतं. वर गेल्यावर उपग्रह भराभर मिळतात आणि तोवर ड्रोन रस्त्याच्या पलीकडे गेलेला असतो. त्याचं घर आता रस्त्यावर आहे.

स्वतः बांधलेल्या बीटाफ्लाइट ड्रोनमध्ये घर आर्म करताना नोंदलं जातं. जीपीएस फिक्सशिवाय (जागा पक्की कळल्याशिवाय) आर्म होऊ देणारी सेटिंग मुळात बंद असते. घाईत ती चालू केलेली आढळते. फिक्सशिवाय आर्म केलं तर त्या उड्डाणात जीपीएस रेस्क्यू (बीटाफ्लाइटचं रिटर्न टू होम) नाहीच असं धरा, नंतर उपग्रह चौदा दिसले तरीही. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते: दूर शेतात पडलेला ड्रोन तिथूनच पुन्हा आर्म करून उडवला, तर घर त्या शेतात सरकतं. ‘होम पॉइंट एकदाच नोंदवा’ ही सेटिंग त्यासाठीच आहे.

पहिल्या फिक्सला किती वेळ द्यावा? उपग्रहाची स्वतःची कक्षा-माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा प्रसारित होते, पण सगळ्या उपग्रहांचं पंचांग पूर्ण उतरायला १२.५ मिनिटं लागतात. महिनाभर कपाटात पडलेल्या ड्रोनची ही साठवण पुसलेली असते. पावसाळ्यानंतरच्या पहिल्या उड्डाणाला बॅटरी जोडून मोकळ्यात शांत ठेवा. आठ उपग्रह ही बीटाफ्लाइटची किमान अट आहे. आठ दिसताच उडवू नका; दहा-बारा दिसून आकडा मिनिटभर स्थिर राहू द्या.

३. परतीची उंची

ही उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजली जाते. ड्रोनखालच्या जमिनीचा तिच्याशी संबंध नाही. सिंधरोटला मही नदीच्या पात्रातून उडवणाऱ्यांना याचा फटका बसतो. पात्र खाली, काठ आणि घळींचे कडे वर, त्यावर झाडं. पात्रातून मोजलेले ३० मीटर काठावरच्या झाडांच्या शेंड्यावरून जेमतेम जातात. उलट, पाच मजल्यांच्या गच्चीवरून उडवलं तर तेच ३० मीटर रस्त्यापासून ४५ होतात.

एककं बघा. आयनॅव्हच्या कमांड लाइनमध्ये परतीची उंची सेंटिमीटरमध्ये असते आणि मूळ किंमत १००० म्हणजे फक्त १० मीटर. आर्डूकॉप्टर या आणखी एका फर्मवेअरच्या प्रचलित आवृत्त्यांत मूळ किंमत १५००, म्हणजे १५ मीटर. आपल्याकडची चिंच-कडुनिंबाची झाडं याहून उंच असतात. ‘५०’ लिहून पन्नास मीटर झाले असं समजणारे भेटतात. ते प्रत्यक्षात अर्धा मीटर असतात.

वरची मर्यादाही आहे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे हिरव्या क्षेत्रात कमाल ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवं क्षेत्र २०० फुटांपर्यंतच, म्हणजे साधारण ६० मीटर. कारखान्यातून १०० मीटर ठेवून आलेली परतीची उंची त्या पट्ट्यात आपोआप नियम मोडते. बडोद्याच्या हरणी विमानतळापासून ८ किलोमीटरच्या आत हिरवं क्षेत्रच नाही, त्यामुळे रावपुरा, मांडवी, अलकापुरी हे सगळं चाचणीसाठी बाद. दक्षिणेला मकरपुऱ्याचं हवाई दलाचं केंद्रही आहे. अंदाज न बांधता सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा हवाई क्षेत्राचा नकाशा उघडून बघा. काही तयार ड्रोन परतीच्या सरळ रेषेत बंदी क्षेत्र आलं की कडेला अडतात, तेव्हा हा मुद्दा फक्त कायद्यापुरता राहत नाही.

घराच्या फार जवळून परत बोलावलं तर काही मॉडेलं वर चढतच नाहीत. आहे त्या उंचीवरून सरळ येतात किंवा तिथेच उतरतात. झाडाच्या मागे पंधरा मीटरवर असताना बटण दाबणं म्हणून धोक्याचं.

४. रिसीव्हर खरं बोलतो का

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी तपासणी हीच. प्रॉप (पंखे) काढा. चारही. ‘आर्म करणार नाही’ म्हणून ठेवू नका. यूएसबी लावून कॉन्फिगरेटरमधलं (संगणकावरच्या सेटिंगच्या ॲपमधलं) रिसीव्हरचं पान उघडा. रिसीव्हरला यूएसबीवरून वीज मिळत नसेल तर बॅटरीही जोडा. थ्रॉटल (मोटारींच्या जोराची स्टिक) अर्ध्यावर ठेवा, उजवी स्टिक एका बाजूला धरा आणि रिमोट बंद करा.

पडद्यावरच्या चॅनलच्या पट्ट्या तिथेच गोठल्या आणि फेलसेफची खूण आली नाही, तर रिसीव्हर शेवटची आज्ञा पुन्हा पुन्हा पाठवतो आहे. फ्लाइट कंट्रोलरच्या लेखी सिग्नल उत्तम आहे, मग तो परत का येईल? रिसीव्हर ‘नो पल्स’वर करा, म्हणजे सिग्नल गेल्यावर तो काहीच पाठवणार नाही. एक्सप्रेसएलआरएस आणि क्रॉसफायर प्रकारचे रिसीव्हर सिग्नल गेल्यावर पाठवणं थांबवतात. जुन्या पीडब्ल्यूएम आणि एसबस रिसीव्हरमध्ये होल्ड, ठरावीक किंमत आणि नो पल्स असे तीन पर्याय असतात आणि बाइंड केल्यावर (रिमोटशी जोडल्यावर) ते पुन्हा ठरवावे लागतात. रिसीव्हर बदलला किंवा नव्याने बाइंड केला की ही तपासणी परत पहिल्यापासून.

आर्डूकॉप्टरवर थ्रॉटलची पद्धत वापरत असाल, तर सिग्नल गेल्यावर थ्रॉटल ९७५च्या खाली आणि रिमोट चालू असताना सर्वांत खालची स्थिती त्याच्या बऱ्यापैकी वर हवी. दोन्हींत फरक नसेल तर एक तर फेलसेफ कधीच लागणार नाही, नाही तर उडता उडता उगाच लागेल.

५. फ्लाइट कंट्रोलरला काय करायला सांगितलं आहे

बीटाफ्लाइटची दुसरी पायरी मुळात ‘ड्रॉप’ असते, म्हणजे मोटारी बंद. शर्यतीच्या ड्रोनसाठी ते योग्यच आहे. भरकटलेल्या ड्रोनपेक्षा पडलेला बरा. जीपीएस लावून दुसरी पायरी ‘जीपीएस रेस्क्यू’ केली नसेल, तर जीपीएस फक्त शोभेला. आयनॅव्हमध्ये मूळ पर्याय जागच्या जागी उतरण्याचा आहे, तो परतीवर न्यावा लागतो.

पहिल्या पायरीत प्रत्येक चॅनलची किंमत ठरलेली असते. आर्मचा स्विच ज्या चॅनलवर आहे तो ‘होल्ड’वर हवा. तो एखाद्या ठरावीक किमतीवर गेला आणि ती किंमत डिसआर्मची निघाली, तर दुसरी पायरी यायच्या आतच ड्रोन खाली. दुसरी पायरी नीट असूनही पडणाऱ्या ड्रोनमध्ये पहिल्यांदा इथे बघा.

दोन बारीक गोष्टी. सिग्नल जाण्याआधी थ्रॉटल बराच वेळ तळाला असेल, तर फर्मवेअर ‘हा जमिनीवरच आहे’ असं धरून मोटारी बंद करतं. दुसरं, बीटाफ्लाइटच्या जुन्या आवृत्त्यांत किमान अंतराच्या आत रेस्क्यू लागलं तर मोटारी बंद होतात. आपल्या पडद्यावरचा किमान अंतराचा आकडा वाचा आणि चाचणी त्याच्या बाहेर करा.

६. प्रॉप, मोटार आणि मांजा

उत्तरायणाच्या आधीचे पंधरा दिवस आणि वासी उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसाच्या) नंतरचे काही दिवस बडोद्यात ड्रोन उडवूच नये, असं आमचं मत. परतीची ३०-४० मीटर उंची म्हणजे बरोबर पतंगांची पातळी. आणि ड्रोन आपोआप येत असताना तो दोरी चुकवत नाही.

फेब्रुवारीतल्या तक्रारींमध्ये मात्र आधी मोटारी बघा. झाडांना लटकलेला मांजा, विशेषतः नायलॉनचा, मोटारीच्या बेलखाली शाफ्टला गुंडाळला जातो आणि वरून दिसत नाही. हाताने चारही मोटारी फिरवा. एक जड लागली तर प्रॉप आणि बेल काढून चिमट्याने तुकडे ओढा. कापताना वाइंडिंगला ब्लेड लागू देऊ नका. अशी मोटार साध्या उडण्यात चालून जाते, पण परतीच्या चढाईत पूर्ण जोर लागला की ड्रोन कलतो आणि दिशा सोडतो.

७. बॅटरी आणि वारा

परतीची सुरुवात चढाईने होते, म्हणजे बॅटरी सर्वांत थकलेली असताना तिच्याकडे सर्वांत जास्त करंट मागितला जातो. सहा पॅक घेऊन त्यातला जुना पॅक शेवटी वापरणाऱ्यांचा ड्रोन शेतात उतरतो तो यामुळे.

मल्टिमीटरने पॅकचं व्होल्टेज मोजा आणि पडद्यावरच्या आकड्याशी ताडून बघा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर सेटिंगमधलं व्होल्टेजचं स्केल दुरुस्त करा. परतीचा निर्णय दर सेल ३.५ व्होल्टच्या आसपास, म्हणजे चार सेलच्या पॅकला १४.० व्होल्टला घ्यावा; ३.३पर्यंत वाट पाहिली तर चढाईतच संपतो. बीटाफ्लाइट कमी व्होल्टेजवर स्वतःहून परत येत नाही, फक्त इशारा देतो. आर्डूकॉप्टरमध्ये बॅटरी फेलसेफची कृती वेगळी निवडावी लागते, नुसता व्होल्टेजचा आकडा भरून काही होत नाही.

वाऱ्याचा हिशेब कागदावर करा. शांत हवेत सेकंदाला १० मीटर जाणारा ड्रोन ६०० मीटरवरून एका मिनिटात येतो. समोरून ६ मीटरचा वारा असेल तर जमिनीवरचा वेग उरतो ४, आणि लागतात अडीच मिनिटं. मे-जूनमध्ये दुपारनंतर नैर्ऋत्येकडून वारा वाढतो आणि ५० मीटरवर तो जमिनीपेक्षा जोरात असतो. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, येताना तो पाठीशी राहील. उन्हाळ्यात बंद गाडीत ठेवलेला लायपो पॅक त्या दिवशी वापरू नका.

८. उपग्रह कमी का दिसतात

जीपीएसचा मुख्य सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो आणि तो इतका क्षीण असतो की शेजारचा कॅमेरा किंवा व्हिडिओ ट्रान्समीटर तो सहज बुडवतो. मोकळ्यात, कॅमेरा बंद ठेवून उपग्रह स्थिर होऊ द्या. मग कॅमेरा चालू करा, आकडा पाहा. मग व्हिडिओ ट्रान्समीटरची पॉवर वाढवा, पुन्हा पाहा. चार-पाच उपग्रह गळले तर दोषी सापडला. मॉड्यूल पाच-आठ सेंटिमीटर उंच खांबावर न्या, अँटेनाची सिरॅमिक बाजू आकाशाकडे ठेवा आणि वर कार्बनची पट्टी येऊ देऊ नका. कार्बन फायबर सिग्नल अडवतो. ही चाचणी पटकन उरका. हवा न मिळता व्हिडिओ ट्रान्समीटर तापतो.

९. कंपास

सर्वांत किचकट म्हणून इतक्या खाली. तयार ड्रोनमध्ये ॲप मागेल तेव्हाच कॅलिब्रेशन करा, दर उड्डाणाआधी नको. आणि गच्चीवर तर नकोच: स्लॅबमधल्या सळ्या कंपासला खोटं उत्तर शिकवतात. मातीच्या मैदानात, गाडीपासून लांब, खिशातले मोबाइल आणि किल्ल्या बाजूला ठेवून करा.

मग पडताळा. मोबाइलच्या होकायंत्राने उत्तर शोधा. मोबाइल बाजूला ठेवा. ड्रोनचं नाक उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम करत पडद्यावर ०, ९०, १८०, २७० येतं का बघा. सगळीकडे सारखाच ९० किंवा १८०चा फरक असेल तर मॉड्यूल फिरवून बसवलं आहे. सेटिंगमधली दिशा बदला. आकडा उलट्या दिशेने वाढत असेल, किंवा नाक तीसेक अंश खाली कलवल्यावर खूप उडी मारत असेल, तर चिप पालथी बसली आहे. चुंबकीय विचलन (डेक्लिनेशन: खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला फरक) इथे एक अंशापेक्षाही कमी आहे, त्यामुळे ‘डेक्लिनेशन टाका’ या सल्ल्याने बडोद्यातला भरकटलेला ड्रोन सुधारत नाही.

जमिनीवर सगळं बरोबर आणि थ्रॉटल वाढवताच दिशा सरकते, तर बॅटरीच्या तारांचं चुंबकीय क्षेत्र कारणीभूत आहे. दोन्ही तारा एकमेकींना पीळ घालून न्या, कंपास त्यांच्यापासून शक्य तितका दूर न्या. आर्डूपायलटच्या (आर्डूकॉप्टर त्याचाच भाग) मोटार-कंपास चाचणीत ३० टक्क्यांपर्यंत हस्तक्षेप चालतो, ६०च्या वर गेला तर जागा बदलण्यावाचून इलाज नाही. बीटाफ्लाइटवर एक सोपी वाट आहे: कंपास बंद करा. जीपीएस रेस्क्यू प्रवासाच्या दिशेवरून तोंड ओळखू शकतं, आणि चुकीच्या कंपासपेक्षा कंपास नसणं बरं.

१०. शेवटची चाचणी, हवेत

रिमोट बंद करून चाचणी घेऊ नका. एजटीएक्स हे सॉफ्टवेअर असलेला रिमोट पुन्हा चालू करताना थ्रॉटल किंवा स्विच जागेवर नसेल तर इशारा दाखवून अडून बसतो, आणि तेवढ्यात ड्रोन हातचा जातो. परतीचा मोड स्विचवर ठेवा. माणसं, गुरं, विजेच्या तारा नसलेल्या जागी, पॅक भरलेला असताना, शंभर मीटर दूर आणि वीस मीटर उंचीवरून स्विच टाका, बोट त्यावरच ठेवा. चढतो का, वळतो का, तुमच्याकडे येतो का, इतकंच बघा. पहिल्या पाच सेकंदांत दिशा चुकली तर स्विच परत घ्या. आपोआप उतरण्याची चाचणी नंतर, वेगळी.

इथे थांबा

फुगलेला पॅक असेल तर काहीही तपासू नका. टोचू नका, चार्ज करू नका, ई-कचऱ्यात द्या. स्पीड कंट्रोलरला जळका वास येत असेल, किंवा एक मोटार थबकत फिरत असेल, तर बॅटरी जोडायची नाही. जाड पॉवर पॅडवर डाग देण्याजोगी सोल्डरिंग आयर्न आणि हात नसेल तर तिथे प्रयोग नको. तयार ड्रोनमध्ये कॅलिब्रेशन मैदानात दोनदा नाकारलं गेलं, आयएमयूची (हालचाल मोजणाऱ्या सेन्सरची) चूक पुन्हा पुन्हा आली, किंवा ड्रोन पाण्यात पडून गेला, तर उघडून बघण्यात अर्थ नाही: आतल्या रिबन केबल आणि सील एकदा हलले की दुरुस्ती महागते.

दुरुस्तीवाल्याकडे नेताना बॅटरी काढून वेगळी न्या. त्या उड्डाणाचा लॉग पुसू नका, सेटिंगचा पूर्ण डंप कॉपी करून ठेवा आणि गॉगलचं रेकॉर्डिंग असेल तर सोबत द्या. लॉगमध्ये मोड कोणत्या सेकंदाला बदलला, तेव्हा उपग्रह किती होते, घराचं अंतर काय होतं आणि थ्रॉटलबरोबर कंपासचा आकडा सरकला का, या चार गोष्टींवरून त्याचं निम्मं काम होतं.